कलकत्त्याला नेलेला तांदूळ

माझ्या दोघा नातवंडांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत, की अल्बममधल्या त्या फोटोत आजोबा रागावलेले का दिसतात. मोठ्या पांढऱ्या संगमरवरी इमारतीसमोर आम्ही दोघे उभे आहोत. माझ्या हातात पर्स आणि घडी घातलेला कागद आहे, आणि आजोबा कॅमेऱ्याकडे न बघता डावीकडे कुठेतरी बघत आहेत. मी म्हणाले, "ऊन डोळ्यांवर आले असेल." ते खरे नव्हते. त्या दिवशी ऊन पडलेच नव्हते.

हे आत्ता लिहायला बसण्याचे कारण असे, की मार्चपर्यंत मला पुण्याच्या फ्लॅटवर न्यायचे तुमच्या बाबांनी ठरवले आहे. बरोबर काय न्यायचे याची यादी करत होते आणि एका वस्तूपाशी अडले. ती काय आहे हे सांगून ठेवले नाही, तर माझ्यामागे कोणीतरी ती केराच्या टोपलीत टाकील, आणि टाकणाऱ्याचा दोष असणार नाही. मराठी अडेल तिथे बाबांना विचारा. ते याच घरात वाढले आहेत.

आपले घर पौडजवळ रिह्याच्या खोऱ्यात, पण मी मूळची इथली नाही. पुण्यात कँपातल्या इंग्रजी शाळेत शिकले आणि पौडच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले. राहायला खोली मिळाली ती आजोबांच्या आईकडे. दोन वर्षांनी त्याच घरची सून झाले. गावाने मला वहिनी किंवा काकू कधी म्हटले नाही. सगळे 'बाई' म्हणत, शाळेतल्या बाई. आजोबाही तेच म्हणत, आधी थट्टेने आणि मग सवयीने.

मला चिठ्ठ्या लावायची सवय आहे. डब्यांवर, औषधांच्या बाटल्यांवर, कपाटाच्या खणांवर, भाताच्या गोण्यांवरसुद्धा. आजोबांना त्याचे हसू येई. ते गोणीत कोपरापर्यंत हात घालत, मूठभर दाणे नाकाशी नेत, एखादा दाताखाली फोडत आणि कुठल्या खाचरातले, कुठल्या सालचे, ते सांगत.

"बाई, गोनी सोता सांगती. तिला चिठ्ठी कशापायी?"

"माझ्याशी बोलत नाही ती."

"हात घालत न्हाईस, मग कशी बोलंल?"

टरफलासकट असते ते भात आणि गिरणीत टरफल काढले की तो तांदूळ, एवढे लक्षात ठेवा. भात पेरले तर उगवते. तांदूळ पेरून काही उगवत नाही.

मी सांगते आहे त्या काळापर्यंत खोऱ्यात सगळ्यांनी इंद्रायणी, भाताची नवी जात, लावायला सुरुवात केली होती. पीक जास्त येई आणि लवकर येई. आमच्याही खाचरांत इंद्रायणीच होती, पण विहिरीखालच्या एका लहानशा खाचरात आजोबा दरवर्षी जुना आंबेमोहर लावत. ते त्यांच्या आईचे भात. तिने माहेरून पदरात बांधून आणलेले बियाणे, दरवर्षी पेरायचे आणि दरवर्षी राखायचे. त्या खाचराला घरात नावच होते, आईचं खाचर. त्या तांदळाचा भात शिजला की शेजारच्या आळीत वास जायचा. आजोबांची आई गेल्यावर त्यांनी तिचा फोटोसुद्धा भिंतीवर लावला नाही. "खाचर हाय की," म्हणाले.

२००३च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाने ते खाचर आडवे केले. चिखलातून लोंब्या वेचून, वाळवून, फळीवर हलक्या हाताने झोडून जे मिळाले, ते एका गोणीत मावले. त्या वर्षी त्यातले खायचे नाही, सगळे बियाण्याला ठेवायचे, असे त्यांनी ठरवले. आसपास कोणाकडेच ते भात राहिले नव्हते. गोणी माळ्याखालच्या कोपऱ्यात गेली.

आणि त्याच हिवाळ्यात आम्ही कलकत्त्याला जायचे ठरवले. लग्नाला पस्तीस वर्षे झाली होती आणि आम्ही दोघांनी मिळून जेजुरी-आळंदीपलीकडे काही पाहिले नव्हते. पावसाळ्यात लावणी, दिवाळीत कापणी, उन्हाळ्यात रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजणे. माझ्या शाळेला सुट्टी असे तेव्हा त्यांना नसे. मी निवृत्त झाले आणि हट्ट धरला. कलकत्ता मी निवडले, कारण लहानपणी आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात त्या शहराची चित्रे होती. आजोबा म्हणाले, "तितं बी भातच खात्यात म्हनं. चल." मी पाच दिवसांचे वेळापत्रक केले, सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सहापर्यंत, शाळेत तासांचे करतात तसे. त्याच्या दोन प्रती काढल्या.

आजोबांना बाहेरचे जेवण सोसत नसे. म्हणून स्वयंपाकाची सोय असलेले अतिथिगृह मी पत्र लिहून ठरवले, आणि घरचा तांदूळ न्यायचा ठरवला. शिवाय फेब्रुवारीत तुम्ही परदेशातून पहिल्यांदाच इकडे येणार होतात. घरात महिनाभराचा तांदूळ हवा होता. निघायच्या तीन दिवस आधी मी कोपऱ्यातल्या गोण्यांमधून 'जुने भात, इंद्रायणी' अशी चिठ्ठी असलेली गोणी काढली आणि शेजारी राहणाऱ्या माझ्या चुलत जावेबरोबर गिरणीत पाठवली. आजोबा तेव्हा विहिरीवर होते. मी गोणीत हात घातला नाही. चिठ्ठी माझ्याच अक्षरात होती.

लोडशेडिंगमुळे गिरणीत त्या दिवशी चार-पाच किलोच भरडून झाले. ते जावेने आणून दिले. "बाकीचं लाइट आली की देतो म्हनला गिरनीवाला. तुमी जावा निवांत, मी आनून ठिवते." मी तांदूळ पिशवीत भरला, पिशवीवर चिठ्ठी लावली, आणि आम्ही निघालो.

गाडीत आजोबा खुशीत होते. दीड दिवस खिडकीत बसून कोणत्या राज्यात भाताचा पेंढा कसा रचतात ते मला दाखवत होते. छत्तीसगडमध्ये एक उडवी बघून म्हणाले, "ह्येला पाऊस लागला की कुजनार. आपल्याकडं यून शिकाय पायजे ह्यांनी." वेळापत्रकाची त्यांची प्रत त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली होती आणि दर तासाला विचारत, "बाई, आता कुटला तास?"

"आता सुट्टी आहे."

"मग डबा काढ."

सोमवारी सकाळी पोचलो. धुके आणि धूर असे काहीतरी मिसळलेले हवेत होते, आणि नदीवरचा मोठा पूल अर्धाच दिसत होता. अतिथिगृहात सामान टाकले, आणि मी सामायिक स्वयंपाकघरात भात लावला. कुकरची शिटी झाली आणि मला तो वास आला. मी मनाशी म्हटले, शेजारच्या शेगडीवर कोणी बंगाली बाई काही सुवासिक करते आहे. असे मी मनाशी म्हटले, हे मला अजून आठवते.

आजोबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. बोटांनी शिते वेगळी केली. आंबेमोहराचा भात मऊ होतो, शिते एकमेकांना धरतात. जुनी इंद्रायणी तशी होत नाही.

"ह्यो तांदूळ कुटला?"

"घरचा. जुन्या गोणीतला."

"कुटल्या गोनीतला?"

"कोपऱ्यातल्या. चिठ्ठी आहे ना तिच्यावर."

त्यांनी एक शीत बोटांत चिरडून बघितले. मग म्हणाले, "त्यातलं जुनं भात मी दिवाळीतच काडलं. गोनी चांगली हुती, धड. त्यात आईच्या खाचरातलं भरलं."

मी विचारले, "सगळे?"

"सगळं."

मी लोडशेडिंगचे सांगितले. गोणी गिरणीत आहे, पण बाकीचे भरडायचे राहिले आहे. त्यांनी ताट सरकवले नाही. जेवण पूर्ण केले, हात धुतला आणि चपला घातल्या. परत निघावे का, असे मी विचारले. "दीड दिस जायला. लाइट आली की तासाभराचं काम हाय. फोन कर."

खाली रस्त्यावर एसटीडीचे बूथ होते. जावेच्या घरचा फोन लागेना. रिंगही नाही, नुसती घरघर. गिरणीत फोन नव्हता. तिचा नवरा पिरंगुटला कारखान्यात होता. तिथला नंबर कधी लागेल असे मला वाटले नव्हते, म्हणून तो माझ्या वहीत नव्हता. आळीत दुसऱ्या कोणाकडे फोन नव्हता. बूथवाल्याने हिंदीत विचारले, घरी कोणी आजारी आहे का. मी नाही म्हटले. मग काय सांगणार?

मंगळवारी दुपारी अडीचला वेळापत्रकात संग्रहालय होते. दुसरे काय करायचे ते मला सुचले नाही, म्हणून आम्ही संग्रहालयात गेलो. काचेच्या पेटीत इजिप्तची ममी होती आणि शाळेच्या मुली तिच्याभोवती दाटीवाटीने कुजबुजत होत्या. पलीकडच्या एका दालनात शेतीतील पिकांचे नमुने होते, छोट्या बरण्यांमध्ये निरनिराळ्या जातींचे भात, प्रत्येक बरणीवर व्यवस्थित चिठ्ठी. आजोबा तिथे थांबले. दाणे रंग उडून भुरकट झाले होते. त्यांनी काचेवर बोट टेकवले आणि म्हणाले, "ह्ये मेलेलं हाय."

मंगळवारी दोनदा आणि बुधवारी तीनदा फोन केला. प्रत्येक ठिकाणी पोचलो की मी आधी बूथचा पिवळा फलक शोधत असे. ट्रॅममध्ये बसलो. तिचा संथपणा एरवी त्यांना फार आवडला असता. एक माणूस हाताने ओढायची रिक्षा घेऊन मागे लागला, तेव्हा आजोबा त्याला मराठीतच म्हणाले, "न्हाई रं बाबा, मानसाच्या खांद्यावर कुटं बसायचं?" तो हसला. आम्ही हसलो नाही. बुधवारी नावेतून नदी ओलांडली आणि वेळापत्रक सोडून आजोबा तांदळाच्या बाजारात शिरले. पहिल्या गोणीत कोपरापर्यंत हात घातला. दुकानदार ओरडायच्या बेतात होता, पण त्यांची दाणा फोडायची पद्धत बघून गप्प झाला आणि त्याने आतून बारीक सुवासिक तांदळाची एक गोणी पुढे ओढली. आजोबांनी मूठ नाकाशी नेली.

"वास हाय," मला म्हणाले. "पन ह्यो आपला न्हाई."

पाच-सहा दुकाने त्यांनी तशी केली. मी मागे उभी राहून घड्याळ बघत होते. आता विचार केला की या एका गोष्टीची मला सर्वांत जास्त लाज वाटते. गोणी गिरणीत पाठवल्याची वाटते त्याहूनही जास्त. त्या माणसाचे काय जाते आहे ते मला माहीत होते, आणि तरी साडेचारचे काय चुकणार याची मला चिंता होती. मी म्हणाले, "अहो, बाग बंद होईल." त्यांनी हात झटकले आणि निघाले. त्यानंतर त्यांनी मला कुठला तास आहे ते पुन्हा विचारले नाही.

त्या संध्याकाळी उरलेला तांदूळ शिजवू का, असे मी विचारले. "शिजव की," म्हणाले. "आता ठिवून काय उगवनार हाय?" मग दोन दिवस आम्ही तो खाल्ला. अतिथिगृहातल्या एका बाईंनी दारात येऊन विचारले, एवढा छान वास कशाचा. आजोबांनी त्यांना वाटीभर भात दिला.

गुरुवारी दुपारी त्या पांढऱ्या इमारतीच्या फाटकाजवळच्या बूथवरून फोन लागला. जावेचा आवाज इतका स्पष्ट होता, जणू ती पलीकडच्या खोलीत आहे.

"अवो बाई! कुटून बोलताय? आमचा फोन चार दिस मेलावता. रस्त्यात नळासाठी खनलं आन तार तोडली मेल्यांनी."

"गोणीचे काय झाले? गिरणीतल्या?"

"झालं की कवाच! मंगळवारी येकदाची धड लाइट आली, पयली तुमचीच घातली. तांदूळ डब्यात भरून ठिवलाय, कागुद लावलाय वर तुमच्यावानी. कोंडा आमच्या म्हशीला घातला, चालतंय न्हवं? आन बाई, काय वास म्हनायचा तो!"

मी "चालेल" म्हणाले आणि फोन ठेवला. आजोबा बाहेर उभे होते. सांगावे लागले नाही. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली आणि फाटकाकडे चालू लागले. आत एक फोटोग्राफर मागे लागला. त्याला नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती. तो फोटो म्हणजे तुमच्या अल्बममधला फोटो. आजोबा त्यात रागावलेले नाहीत. ते माझ्यावर त्या पाच दिवसांत एकदाही रागावले नाहीत, आणि नंतरही नाहीत. रागावले असते तर मला सोपे गेले असते.

परतीच्या गाडीत दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा घेताना, ते आपण होऊन बोलले. "तू वाचतीस, ह्ये मला ठावं हुतं. गोनी भरली तवाच चिठ्ठी फाडाय पायजे हुती. म्हनलं, ऱ्हाऊ दे, बाईनं लावलीय."

मी म्हणाले, "तुम्ही उगाच स्वतःवर घेऊ नका."

"घेत न्हाई. चूक दोगांची हाय, एवढंच म्हनतो."

फेब्रुवारीत तुम्ही आलात. थोरली सहा वर्षांची, धाकटा चार. आजोबा तुम्हाला स्वतः वाढत होते, भातावर तूप आणि थोडे मीठ. तिकडे तुम्ही भात खात नाही अशी तुमच्या आईची तक्रार होती, आणि इथे तुम्ही तीन-तीन वेळा मागून घेतलात. धाकटा म्हणाला, "आजोबा, हा राइस परफ्यूमवाला आहे." आजोबा त्या महिन्यात हसलेले मला आठवतात ते तेवढेच. डबा तुम्ही जाईपर्यंत संपला. आईच्या खाचरातले भात तुमच्या पोटात गेले, हे तुम्हाला आज कळते आहे.

तुम्ही गेल्यावर मी घर आवरायला काढले. दसऱ्याला दाराला तोरण बांधतात. आमच्याकडे त्यात झेंडू आणि आंब्याच्या पानांबरोबर भाताच्या नव्या लोंब्या असतात, आणि आजोबा त्या आईच्या खाचराच्या बांधावरून आणत. दिवाळी झाली की मी ते तोरण दरवर्षी काढून टाकते. त्या वर्षी वेळापत्रकाच्या नादात काढायचे राहिले होते. मी स्टुलावर चढले, तोरण अर्धे सोडवले आणि मग ओरडले. आजोबा विहिरीवरून पळत आले, त्यांना वाटले मी पडले.

तोरणातल्या लोंब्यांचे बरेच दाणे चिमण्यांनी खाल्ले होते. उरलेले दाणे आजोबांनी वर्तमानपत्रावर काढले आणि मिठाच्या पाण्यात टाकले. पोचट होते ते तरंगले. तळाशी मूठभरही राहिले नाहीत. दसऱ्याला लोंब्या पुरत्या पिकलेल्या नव्हत्या, त्यामुळे तेही सगळे उगवणार नव्हते. जूनमध्ये घमेल्यात पेरले, आणि एकतीस कोंब वर आले. मी मोजले. आजोबा म्हणाले, "मोजू नगंस." पण मी मोजले.

पहिल्या वर्षी दोन वाट्या दाणे झाले. दुसऱ्या वर्षी वरच्या बाजूची जमीन विकली गेली. फार्महाऊससाठी तिथे मुरूम टाकला आणि आईच्या खाचरात येणारे पाणी अडले. आजोबा कळशीने पाणी घालत. तिसऱ्या वर्षी रानडुकरे आली. दरवर्षी थोडेसेच हाती लागे आणि दरवर्षी आजोबा ते सगळे राखून ठेवत. मी एकदा म्हटले, वाटीभर शिजवून बघू या का, तेच आहे का ते कळेल. शेजारच्या खाचरातल्या इंद्रायणीचा फुलोरा लागून त्यात मिसळ झाली असेल, ही भीती त्यांनाही होती. "खाचर भरू दे," म्हणाले. "मग शिजव. आदी बियानं."

२००८मध्ये खाचर पहिल्यांदा बांधापर्यंत भरले. लोंब्या वाकायला लागल्या होत्या तेव्हा आजोबा गेले, कापणीच्या तीन आठवडे आधी. पुढचे तुम्हाला माहीत आहे. तुमचे बाबा आले होते.

कापणी जावेने आणि तिच्या नवऱ्याने केली. दिवाळीनंतर मी थोडे भरडून आणले आणि शिजवले. वास आला. चांगला वास होता. जाव म्हणाली, तोच हाय. मी गोणीत कोपरापर्यंत हात घालते, मूठ नाकाशी नेते, दाणा दाताखाली फोडते. मला सांगता येत नाही. तो तोच आहे की नाही हे सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि त्यांनी त्यातला घास घेतला नाही.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये भात पेरता येणार नाही. आईचं खाचर जाव पुढच्या वर्षी लावील म्हणते. तिचा मुलगा जमीन विकायचे म्हणतो. यादीत मी जी वस्तू लिहिली आहे ती एक मातीचे मडके आहे, तोंडाला फडके बांधलेले, तळाशी कीड लागू नये म्हणून निरगुडीचा पाला. त्यात या वर्षीचे भात आहे, अंदाजे दोन किलो. त्यावर चिठ्ठी लावलेली नाही. ते पेरले तर उगवते.